चपातीवरचा आळ

‘मुडदूस हा रोग ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो.’ शाळेत असताना आम्ही हे वाक्य किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तरे द्या; प्रश्न कसाही येवो, उत्तर हेच आणि गुणही ठरलेले. पुढे संशोधनाच्या क्षेत्रात आल्यावर जुनी नियतकालिके चाळताना लक्षात आले, की या एका ओळीमागे मोठा वाद आहे आणि तो एकदा नव्हे, दोनदा झालेला आहे. दोन्ही वेळा त्याचे एक केंद्र होते स्कॉटलंडमधले ग्लासगो शहर. पहिल्या वेळी प्रश्न होता तिथल्या गोऱ्या कामगारांच्या मुलांचा. दुसऱ्या वेळी तो होता भारत-पाकिस्तानातून तिथे जाऊन राहिलेल्या मातांच्या मुलांचा. आणि या दुसऱ्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती आपली चपाती!

परमुलखात गेलेल्या आईला बाळाचे संगोपन कसे करावे हे सांगायला सगळेच पुढे सरसावतात. त्या सांगण्यात विज्ञान किती आणि सांगणाऱ्याचा पूर्वग्रह किती, हे ओळखणे सोपे नसते. ही हकीकत त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

पहिला वाद

मुडदूस झालेल्या मुलाची हाडे मऊ राहतात. मूल चालू लागले, की शरीराच्या भाराने पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटे जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी येतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा रोग इतका दिसू लागला, की युरोपात त्याला ‘इंग्रजी रोग’ म्हणत. १६५० मध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी त्यावर लॅटिनमध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. कारखानदारी वाढली, शहरांवर कोळशाच्या धुराचे छत्र धरले गेले, तसा रोग पसरत गेला. मुलींच्या बाबतीत त्याचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचत. लहानपणी मुडदूस झालेल्या मुलीचे कटीर आकसलेले राही, बाळंतपणात मूल अडे, आणि आई किंवा मूल, बहुधा दोघेही दगावत. ग्लासगोच्या प्रसूतिगृहात १८८८ साली मर्डोक कॅमेरॉन यांनी अशाच एका खुजट वाढीच्या स्त्रीचे पोट उघडून बाळंतपण यशस्वीपणे पार पाडले. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या इतिहासात ती घटना नोंदलेली आहे, आणि तिच्या मुळाशी मुडदूस आहे.

कारण काय असावे? थिओबाल्ड पाम नावाचे एक मिशनरी डॉक्टर जपानमध्ये बरीच वर्षे काम करून इंग्लंडला परतले. जपानमध्ये त्यांना मुडदूस दिसलेला नव्हता आणि इथे तर रस्तोरस्ती वाकड्या पायांची मुले. त्यांनी चीन, मंगोलिया, हिंदुस्थान अशा ठिकाणच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रे लिहून विचारणा केली. उत्तरे जुळवून १८९० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की मुडदूस अन्नाच्या हलाखीपेक्षा उन्हाच्या अभावाशी जोडलेला आहे. एकही प्रयोग न करता, केवळ टपालाच्या तिकिटांवर केलेले हे संशोधन! त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

ग्लासगोत लिओनार्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कुत्र्याची पिले कोंडून ठेवून प्रयोग केले आणि कोंदट, बंदिस्त राहणी हे कारण सांगितले. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ मध्ये दाखवले, की ओट्सच्या लापशीवर वाढवलेल्या पिलांना मुडदूस होतो आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले की तो टळतो. म्हणजे कारण आहारात. एक पक्ष म्हणे घर, दुसरा म्हणे ताट. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडून हाडे बरी होतात हे क्ष-किरण चित्रांनी सिद्ध केले. एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारत. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होते आणि ते रक्तावाटे सर्वत्र जाते, हे उघड होते.

नाशिकचा पुरावा

या वादात आपल्या मुलखाचाही एक धागा आहे आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत यावा असे आम्हांला फार वाटते. हचिसन नावाच्या डॉक्टरांनी १९२० च्या सुमारास आधी मुंबईत पटेल यांच्यासह आणि मग नाशिक येथे शहा यांच्यासह मुडदूसाचा अभ्यास केला. हे लेख १९२१ आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईवरचा लेख तर ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्येच छापला गेला.

हचिसन यांना जे दिसले ते अपेक्षेच्या अगदी उलट होते. उन्हातान्हात राबणाऱ्या गरीब कुटुंबांचा आहार निकृष्ट, पण त्यांच्या मुलांत मुडदूस नाही. खाऊनपिऊन सुखी, पण स्त्रियांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत मात्र, मग ती मुसलमानांची असोत वा वरच्या जातीच्या हिंदूंची, मुलांना मुडदूस आणि त्यांच्या आयांना हाडे मऊ पडण्याचा त्रास. बाळंतिणीची अंधारी खोली, बंद खिडक्या, वारा लागू नये म्हणून नखशिखांत गुंडाळलेले तान्हे मूल. हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या आजीच्या आठवणींत असेल. मजुराची बायको सव्वा महिना आत बसूच शकत नव्हती. दहा-पंधरा दिवसांत ती मुलाला पाठीशी बांधून कामावर जाई, आणि नकळत मुलाला औषध मिळे. तिच्या इतर हालांपुढे हा लाभ काहीच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हे घडत असतानाच हॅरिएट चिक ही इंग्रज शास्त्रज्ञ महायुद्धाने उपाशी पडलेल्या व्हिएन्नात मुलांच्या रुग्णालयात काम करत होती. तिने दोन्ही पक्ष खरे असल्याचे दाखवून दिले. माशाच्या तेलाने मुडदूस बरा होतो, उन्हाने किंवा दिव्यानेही होतो, आणि दोन्ही नसतील तर होतो. मेलनबींची पिले घरातच ठेवलेली होती. ती अंगणात बागडली असती तर त्या लापशीने त्यांचे फारसे बिघडले नसते. १९२२ पासून एल्मर मॅकॉलम यांच्या कामातून या द्रव्याला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. खरे तर उन्हातून मिळणाऱ्या गोष्टीला जीवनसत्त्व म्हणणे चुकीचेच, पण नाव पडले ते पडले.

ब्रिटनने पुढे काय केले ते नीट लक्षात ठेवायला हवे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये मार्गारीन या कृत्रिम लोण्यात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे घालणे सक्तीचे झाले. बाळांसाठीच्या सरकारी दूध-भुकटीत ‘ड’ घातले गेले. माता आणि लहान मुलांना माशाचे तेल सरकारी योजनेतून मिळू लागले. इंग्रजी रोग पाहता पाहता दिसेनासा झाला. यासाठी कोणत्याही इंग्रज आईला तिचा स्वयंपाक चुकीचा आहे असे सांगावे लागले नाही. ओट्सची लापशी स्कॉटलंडमध्ये पूर्वीसारखीच शिजत राहिली.

नवे शेजारी

युद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. पंजाबातून, गुजरातेतून, सिल्हेटहून, मीरपूरहून माणसे गेली. मंगला धरणाखाली मीरपूर भागातली गावे १९६० च्या दशकात बुडाली तेव्हा त्या जाण्याला आणखी जोर आला. १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातून आशियाई लोकांना हाकलले. त्यांतले पुष्कळजण लेस्टरसारख्या शहरांत स्थिरावले. आधी पुरुष गेले, मग बायका-मुले. ग्लासगोत मॅथ्यू डनिगन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांतल्या मुडदूसाविषयी लेख लिहिला. जो रोग संपला म्हणून सगळे निश्चिंत होते तो परत आला होता. पण आता तो मुख्यतः आशियाई घरांत होता.

लगेच शोध सुरू झाला तो या लोकांच्या वेगळेपणाचा. ते काय खातात? चपाती. चपातीच्या कणकेत कोंडा असतो, कोंड्यात फायटिक आम्ल असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. हे काही कपोलकल्पित नव्हते. धान्यातल्या या आम्लाचा मुडदूसाशी संबंध मेलनबी यांनीच १९३९ मध्ये दाखवला होता, आणि युद्धकाळात कोंड्यासकट पावाने कॅल्शियमचे शोषण घटते हे मॅकॅन्स आणि विडोसन यांनी माणसांवर पडताळले होते. त्या वेळी ब्रिटनने लोकांचा पाव बंद केला नाही, पिठात खडूची पूड मिसळली! १९७२ मध्ये चपातीतले फायटिक आम्ल आणि स्थलांतरितांचा मुडदूस यांवर ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. त्याच वर्षी ग्लासगोच्या गटाने रुग्णांना काही आठवडे चपातीशिवाय ठेवून रक्तातले आकडे सुधारतात असे प्रसिद्ध केले. चपाती खाऊ नका, असा सल्ला यातून निघायला वेळ लागला नाही.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधल्या चार्ल्स डेंट यांच्या गटाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुडदूस झालेल्या एका भारतीय रुग्णाला त्यांनी चपात्या खाऊ घातल्या आणि त्या चालू असतानाच अतिनील किरण दिले. हाडे सुधारली. पन्नास वर्षांपूर्वी बर्लिन, व्हिएन्ना आणि नाशिक येथे जे कळले होते तेच पुन्हा कळले. शिवाय एक बाळबोध प्रश्न कोणी विचारायला हवा होता: पंजाबातले शेतकरी जन्मभर चपात्याच खातात, मग तिथे घरोघरी मुडदूस का नाही?

इथे थोडे गणित करू. वर्गात सहज करता येईल. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य मकरवृत्तावर असतो, म्हणजे विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेस. त्या दिवशी मध्यान्हीची सूर्याची उंची काढायची तर ९० मधून गावाचे अक्षांश आणि हे साडेतेवीस अंश वजा करायचे. नाशिकचे अक्षांश २०, म्हणून सूर्य क्षितिजापासून ४६.५ अंशांवर. ग्लासगोचे ५६, म्हणून सूर्य जेमतेम १०.५ अंशांवर. एक मीटर उंचीची काठी उभी केली तर नाशिकला तिची सावली सुमारे ९५ सेंटिमीटर पडेल आणि ग्लासगोला सव्वापाच मीटरांहून अधिक. सूर्य इतका खाली असला की किरणांना ओझोनच्या थरातून तिरके, कितीतरी लांब अंतर काटावे लागते. ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे, आणि ओझोन नेमके तेच शोषून घेतो. ऊन दिसते, पण कामाचे नसते. ढोबळ नियम असा, की सावली उंचीपेक्षा लांब असेल तर त्वचेत ‘ड’ फारसे तयार होत नाही. नाशिकला वर्षातल्या सर्वांत वाईट दिवशीही मध्यान्हीची सावली उंचीपेक्षा किंचित कमीच राहते. ग्लासगोत साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंतच सूर्य ४५ अंशांच्या वर चढतो, तोही तिथले ढग बाजूला झाले तर.

त्यात सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य हेच किरण अडवते. म्हणून तेवढेच ‘ड’ तयार व्हायला तिला अधिक वेळ ऊन लागते. अंग झाकणारे कपडे, परक्या वस्तीत एकटीने बाहेर पडण्याची धास्ती, खेळायला अंगण नसलेली भाड्याची घरे ही भर वेगळीच. त्या धास्तीला तिथल्या रस्त्यांवर मिळणारी अपमानास्पद वागणूकही कारण होती. डॉक्टरांच्या तपासणी-तक्त्यात तिला रकाना नव्हता.

मग चपाती अगदीच निर्दोष का? तसेही नाही. १९८७ मध्ये क्लेमेंट्स, जॉन्सन आणि फ्रेझर यांनी ‘नेचर’मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आहारातून कॅल्शियम कमी मिळाले, की शरीरातले ‘ड’ अधिक वेगाने खर्ची पडते. म्हणजे उन्हाची गंगाजळी भरलेली असेल तर चपातीने काही बिघडत नाही. ती आटलेली असेल तर कोंडा उरलीसुरली लवकर संपवतो. मेलनबींच्या पिलांचे कोडेही यातून सुटते. पन्नास-साठ वर्षांत विज्ञान असे वळसा घेऊन आले. या काळात आयांना मात्र ‘चपाती सोडा’ हे सांगून झाले होते.

बाळ आणि त्याचे दूध

आईचे दूध सर्वोत्तम, हे आपण सगळेच सांगतो आणि ते खरेच आहे. पण त्यात ‘ड’ जीवनसत्त्व फार थोडे असते; लिटरमागे साधारण २० ते ५० एकके. तान्ह्या बाळाची रोजची गरज ४०० एकके, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, धरली जाते. निसर्गाची योजना अशी, की बाळ पोटात असतानाच आईकडून थोडी शिदोरी घेऊन येते आणि पुढचे ऊन देते. आईचीच शिदोरी संपली असेल तर? लंडनमध्ये ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सव्वाशेच्या आसपास गर्भवती आशियाई स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला शेवटच्या तीन महिन्यांत रोज १००० एकके ‘ड’ दिले, दुसऱ्याला दिले नाही. १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न दिलेल्या गटातल्या पाच बाळांना रक्तातले कॅल्शियम घटल्याने त्रास झाला, दिलेल्या गटात एकालाही नाही. कॅल्शियम असे घसरले की नवजात बाळाला झटकेही येऊ शकतात.

दुधाच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. आपल्याकडे अनेक घरांत पहिला चीक बाळाला देत नसत. मध किंवा गुळाचे पाणी चाटवून दोन-तीन दिवसांनी अंगावर घेत. पंजाब-बंगालमध्येही अशा चाली होत्या. चीक वाया घालवणे चुकीचेच, कारण त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये ठासून भरलेली असतात. परंतु गावी ही चाल असली तरी तिसऱ्या दिवशी मूल छातीशी जाईच, कारण दुसरा पर्यायच नसे. ब्रिटनच्या प्रसूतिगृहात पर्याय तयार होता. आई आज पाजत नाही म्हणते, तिची भाषा परिचारिकेला कळत नाही, परिचारिकेची हिला. मग ‘बाटली’ अशी नोंद होते, बाटली येते आणि राहते. गोऱ्या स्त्रियाही तेव्हा बाटलीकडेच वळलेल्या. १९७५ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या केवळ ५१ टक्के मातांनी अंगावर पाजायला सुरुवात केली होती. शेजारीण जे करते ते सुधारलेले, असे नव्या मुलखात आलेल्या तरुण मुलीला वाटले तर नवल नाही. सासू आणि आई दोघी हजारो मैल दूर.

उष्टावणाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. दुकानात बाळांच्या तयार अन्नाच्या बाटल्या मिळत. तिखटमिठाच्या, म्हणजे जेवणाच्या बाटल्यांत मांस. ते हलाल नाही म्हणून मुसलमान आईला चालत नसे आणि शाकाहारी गुजराती आईला तर नाहीच. मग दोघी गोड खिरीच्या बाटल्या उचलत, कारण त्यांत मांस नसल्याची खात्री. मूल वर्षभर साखर आणि गाईचे दूध यांवर राही आणि लोह कमी पडून पांढुरके होई. बर्मिंगहॅममध्ये ऑकेट आणि सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या आसपासच्या रक्तक्षयी मुलांना दोन महिने लोह देऊन पाहिले. त्यांचे वजन तर अधिक वाढलेच, पण बोलण्या-चालण्याची नवी कौशल्येही अधिक मुलांनी आत्मसात केली. हा लेख १९८६ चा.

इथे आईच्या आधीच्या संस्कृतीत दोष होता का? ज्या घरात खिमट किंवा मऊ खिचडी शिजते त्या घरातले अन्न बाळासाठी बाटलीपेक्षा केव्हाही चांगले. मसाला घालण्यापूर्वी डाळ-भात बाजूला काढा आणि मऊ कुस्करून भरवा, एवढेच कोणी सांगायला हवे होते. पण छापील पत्रकात असत ते इंग्रजी पदार्थ. ते वाचून आई समजे, की या देशात बाळाला आपले अन्न चालत नाही.

पिठात की थेंबात?

‘ड’ जीवनसत्त्व पोचवायचे कसे? डनिगन यांचाच गट पुढे या कामात उतरला. चपाती सोडायला सांगण्याऐवजी चपातीच्या पिठातच ‘ड’ घालून त्यांनी ते ग्लासगोच्या आशियाई कुटुंबांना दिले आणि रक्तातली पातळी वाढते हे १९७६ मध्ये दाखवले. आम्हांला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच माणसांनी आपल्याच आरोपीला औषधाचे वाहन केले. १९४० मध्ये मार्गारीनच्या बाबतीत सरकारने हेच केले होते. पण १९८० मध्ये सरकारी तज्ज्ञ समितीने चपातीच्या पिठात ‘ड’ घालण्याची शिफारस करण्याचे नाकारले. १९५० च्या दशकात ‘ड’ जास्त झाल्यामुळे काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढल्याचा संशय घेतला गेला होता, आणि १९५७ मध्ये बाळांच्या अन्नातले ‘ड’ कमी करण्यात आले होते. ती धास्ती मनातून गेली नव्हती. भीती अनाठायी नव्हती. पण मार्गारीनमधले ‘ड’ चालूच राहिले, हेही खरे.

पीठ नाही तर थेंब. ग्लासगोत १९७९ पासून आशियाई मुलांना ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब फुकट वाटले गेले. मुडदूसासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या आशियाई मुलांची संख्या झपाट्याने घटली. १९८५ मध्ये डनिगन आणि सहकाऱ्यांनी हा हिशोब मांडला. त्या मुलांच्या घरी चपात्या होतच होत्या.

राष्ट्रीय पातळीवर १९८१ मध्ये आरोग्य खाते आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनी मुडदूस हटाव मोहीम सुरू केली. तिचा भर थेंबांपेक्षा शिकवणुकीवर होता: मार्गारीन खा, तेलकट मासे खा, उन्हात जा. साजूक तुपावर वाढलेल्या शाकाहारी घराला मार्गारीन खायला सांगताना, त्या काळी त्यात माशाचे तेल किंवा प्राण्यांची चरबी असू शकते, हे सांगणाऱ्याला बहुधा सुचलेच नाही. टीका झाली आणि ती रास्त होती. गोऱ्यांचा मुडदूस सरकारने त्यांच्या अन्नात औषध घालून घालवला. आशियाई लोकांचा मात्र त्यांचे अन्न बदलून घालवायचा, असा हा न्याय.

१९८४ मध्ये याच दोघांनी ‘आशियाई माता आणि बाळ मोहीम’ काढली. हिच्यात एक चांगली गोष्ट होती: दुवा साधणाऱ्या कार्यकर्त्या. या स्त्रिया आईची भाषा जाणत आणि इंग्रजीही. दवाखान्यात त्या आईसोबत बसत. या कामाने खूप काही साधले. पण ती बाई दवाखान्याची नोकर. आईची तक्रार वरिष्ठांकडे नेणे तिला सोपे नव्हते. पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या स्त्री-आरोग्य प्रकल्पाने म्हणून वेगळी रचना केली. तिथल्या कार्यकर्त्या रुग्णालयाच्या नोकर नव्हत्या. त्यांना नेमले होते नागरिकांच्या बाजूने काम करणाऱ्या आरोग्य परिषदेने, आणि त्यांचे काम भाषांतराचे नव्हे तर वकिलीचे मानले गेले. आईला ‘चीक द्या’ असे समजावणे हे त्यांचे काम, तसेच ‘या आईला शाकाहारी जेवण का मिळाले नाही’ असे परिचारिकेला विचारणे हेही त्यांचेच काम.

पुढे काय झाले

१९९४-९५ मध्ये इंग्लंडमध्ये आशियाई कुटुंबांतल्या बाळांच्या आहाराची मोठी सरकारी पाहणी झाली. सुरुवातीला अंगावर पाजणाऱ्या बांगलादेशी माता ९० टक्के, भारतीय ८२, पाकिस्तानी ७६ आणि तुलनेला घेतलेल्या गोऱ्या माता ६२ टक्के निघाल्या. यांना स्तनपानाचे महत्त्व समजावून सांगायला हवे, असे ज्यांच्याविषयी म्हटले जाई त्याच पुढे होत्या. बर्मिंगहॅममध्ये एका भागात सर्वच माता-बालकांना, कोणत्याही वंशाच्या, ‘ड’ फुकट द्यायचे ठरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ‘ड’च्या कमतरतेने आजारी पडणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या शास्त्रीय सल्लागार समितीने जन्मल्यापासून वर्षापर्यंतच्या सर्व बाळांना रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम ‘ड’ मिळावे अशी शिफारस केली. ग्लासगोच्या ढगाखाली गोऱ्या आईचे बाळही उन्हाला मुकतेच.

आणि आपण? आता भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पहिल्या वर्षात प्रत्येक बाळाला रोज ४०० एकके ‘ड’ द्या असे सांगते. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यायची आपली पद्धत छान आहे, पण काठी घेऊन मोजून पाहा: सकाळी सात-साडेसातला तिची सावली उंचीच्या कित्येक पट लांब असते. त्या उन्हात ऊब आहे, आईला चार घटका मोकळी हवा आहे. ‘ड’ मात्र फार नाही. भर दुपारी बाळाला उन्हात ठेवावे असे आम्ही म्हणणार नाही. शहरातल्या बंद सदनिकेतून कामावर आणि कामावरून सदनिकेत जाणाऱ्या आईची शिदोरी नाशिकच्या त्या पडद्यातल्या स्त्रियांपेक्षा फार भरलेली असेल असे नाही. रस्त्याच्या कामावर मूल झोळीत टांगून खडी फोडणाऱ्या आईला ही अडचण नाही. तिच्या बाळाला कमी पडते ते लोह, आणि मसाला घालण्यापूर्वी बाजूला काढायला तिच्या भांड्यात डाळ असतेच असे नाही.